सोनोग्राफीचं शिक्षण: फी भरण्याआधी प्रोब कोणाच्या हातात असतो ते विचारा

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावापर्यंत पॅरामेडिकल कोर्सच्या जाहिराती पोचतात. त्यांत ‘सोनोग्राफी टेक्निशियन’ हे नाव हमखास असतं. मुदत सहा महिने किंवा वर्षभर, फी साधारण तीस हजारांपासून लाखभरापर्यंत, आणि शेवटी नोकरीची हमी. नीटमध्ये थोडक्यात हुकलेल्या मुलाच्या आईवडिलांना हा रस्ता सरळ वाटतो. दवाखान्याचं वातावरण, स्वच्छ काम, आणि गावोगावी सोनोग्राफी सेंटर दिसतातच. हा लेख त्याच आईवडिलांसाठी आणि त्याच मुलांसाठी आहे. खर्चाचा हिशेब पुढे सविस्तर मांडला आहे. पण या क्षेत्रात पहिला प्रश्न पैशांचा नसून कायद्याचा आहे. तो समजून न घेता भरलेली फी, कितीही कमी असली तरी, वाया जाते.

भारतात सोनोग्राफीचं यंत्र, म्हणजे रुग्णाच्या अंगावर फिरवायचा तो प्रोब, टेक्निशियनने चालवायचं नसतं, ते डॉक्टरने चालवायचं असतं. गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. तो कायदा १९८८चा. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला, १९९६ पासून अमलात आला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक होऊन त्याला आजचं नाव मिळालं. सगळे त्याला पीसीपीएनडीटी म्हणतात. या कायद्याखालच्या नियमांनुसार सोनोग्राफी करणारी व्यक्ती नोंदणीकृत डॉक्टरच असावी लागते: रेडिओलॉजिस्ट, स्त्रीरोगतज्ज्ञ, किंवा सोनोग्राफीचं रीतसर प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर. समोर पोट दुखणारा पुरुष असला तरी फरक पडत नाही, कारण यंत्र तेच, नोंदणी तीच आणि ते हाताळण्याची पात्रताही तीच.

आता त्या ‘सहा महिन्यां’कडे या. कायद्याच्या नियमांत सहा महिन्यांच्या सोनोग्राफी प्रशिक्षणाचा उल्लेख खरोखर आहे. २०१४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र नियमही निघाले आणि त्यांत ३०० तासांचा अभ्यासक्रम ठरवला गेला. पण ते सगळं एमबीबीएस झालेल्या डॉक्टरांसाठी आहे. बारावीनंतरचा सहा महिन्यांचा कोर्स विकणारे सहा महिने हा शब्द उचलतात आणि डॉक्टर ही अट गाळतात. अशा संस्थेच्या प्रवेश समुपदेशकाने तुमच्यासमोर कायद्याचं नाव घेऊन हा कोर्स ‘मान्य’ असल्याचं सांगितलं, तर नियमाचं ते पान मागा आणि त्यात उमेदवाराची पात्रता काय लिहिली आहे ते स्वतः वाचा.

हा कडकपणा उगाच आलेला नाही. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे २००१ च्या जनगणनेत ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये त्या ८९४ वर आल्या. सोनोग्राफीच्या खोलीवर इतकी नजर का असते, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. शिक्षेचं कलम मालक-डॉक्टरपुरतं थांबत नाही. सोनोग्राफी सेंटरमध्ये नोकरीला असलेल्या आणि तांत्रिक सेवा देणाऱ्या माणसालाही ते लागू होतं. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास पाच वर्षं आणि पन्नास हजार. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. एखाद्या सेंटरमध्ये ‘डॉक्टर येईपर्यंत तू बघून ठेव’ असं कोणी म्हणालं, तर आपण काय पणाला लावतो आहोत हे त्या वीस-एकवीस वर्षांच्या मुलाला आधीच माहीत असायला हवं. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते. फी बुडाली तर कर्ज काढून भरता येते. नावावर गुन्हा दाखल झाला तर पुढची सगळी दारं बंद होतात.

मग या खोलीत टेक्निशियनला काम काय?

काम आहे, आणि ते कमी महत्त्वाचं नाही. रुग्णाची तयारी, पोट रिकामं की मूत्राशय भरलेलं हे पाहणं, जेल आणि प्रोबची स्वच्छता, प्रतिमा साठवणं, यंत्राची देखभाल ही झाली रोजची बाजू. दुसरी बाजू कागदांची. प्रत्येक गर्भवतीसाठी कायद्याने भरावा लागणारा एफ फॉर्म, तिचं ओळखपत्र, तपासणीचं कारण, डॉक्टरची आणि तिची सही, दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत या कायद्याखाली नेमलेल्या समुचित प्राधिकाऱ्याकडे जाणारा अहवाल, आणि किमान दोन वर्षं जपायच्या नोंदी. एफ फॉर्ममधल्या त्रुटी म्हणजे किरकोळ लिखापढीची चूक समजायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्यानंतर हे काम चोख करणाऱ्या माणसाची किंमत वाढली. नोकरीच्या मुलाखतीत ‘एफ फॉर्म भरता येतो का’ हा प्रश्न विचारला जातो, आणि तो भरायला शिकवणारं कॉलेज मी चांगलं समजेन.

पण निव्वळ एवढ्या कामासाठी स्वतंत्र टेक्निशियन ठेवणं फक्त मोठ्या सेंटरांनाच परवडतं. बाकी ठिकाणी एक्स-रे, सीटी स्कॅन आणि एमआरआय करणारी व्यक्तीच हे सांभाळते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: फक्त सोनोग्राफीचा कोर्स घेऊ नका. संपूर्ण रेडिओग्राफीचं, म्हणजे इमेजिंगचं शिक्षण घ्या. सोनोग्राफी त्यात एक विषय म्हणून येते. एक्स-रे आणि सीटीमध्ये यंत्र टेक्निशियनच चालवतो, रुग्णाला नीट स्थितीत ठेवतो, आणि डॉक्टर प्रतिमा नंतर वाचतो. सोनोग्राफीत हात फिरत असतानाच निदान घडत असतं. हात जिथे थांबला नाही, तिथला आजार कोणत्याच फोटोत येत नाही. हा फरक लक्षात घेतला की पगार कुठे मिळणार तेही कळतं.

कोणता कोर्स खरा?

मोजपट्टी आता संसदेनेच दिली आहे. संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठीचा राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा २०२१ चा. रेडिओलॉजी आणि इमेजिंग तंत्रज्ञान हा त्यातला एक व्यवसायगट आहे. या कायद्यानुसार ‘संलग्न आरोग्य व्यावसायिक’ म्हणवून घ्यायला किमान २,००० तासांचं, दोन ते चार वर्षांत विभागलेलं शिक्षण लागतं. ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ म्हणवून घ्यायला किमान ३,६०० तास, तीन ते सहा वर्षांत. सहा महिन्यांचा कोर्स या पट्टीत कुठेच बसत नाही. घरी बसून करायचा ऑनलाइन कोर्स तर मुळीच नाही: या कायद्याखालचे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवायला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये मनाई केली.

महाराष्ट्रात पाहायचे पर्याय असे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल तंत्रज्ञानाची पदवी, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत चालतो. तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यातली रेडिओग्राफीची शाखा निवडायची. बारावी विज्ञान, तीही जीवशास्त्रासह, ही पायाभूत अट. जागा मोजक्या असतात, त्यामुळे प्रवेशाच्या सूचनेवर निकालाच्या आधीपासून लक्ष ठेवावं लागतं. खासगी आणि अभिमत विद्यापीठांत बीएस्सी मेडिकल इमेजिंग किंवा रेडिओग्राफी या नावाने अशीच पदवी असते. महाराष्ट्राबाहेर दिल्लीचं एम्स आणि चंदीगडचं पीजीआय इथल्या बीएस्सीचं शुल्क नाममात्र आहे; प्रवेश परीक्षा कठीण, पण देऊन पाहायला हरकत नाही. कर्नाटकातल्या मणिपालचं नावही या विषयात जुनं आहे, मात्र तिथला खर्च लाखांत जातो.

प्रॉस्पेक्टसमध्ये विद्यापीठाचं नाव आहे की फक्त एखाद्या ‘कौन्सिल’चं, हे पाहा. दिल्लीच्या पत्त्यावर नोंदलेल्या, भारदस्त नावाच्या संस्थांची प्रमाणपत्रं विकली जातात. संस्था सोसायटी म्हणून नोंदलेली असणं वेगळं आणि तिला पदविका देण्याचा अधिकार असणं वेगळं. २०११ च्या महाराष्ट्र पॅरावैद्यक परिषद कायद्यानुसार राज्यात नोंदणीची व्यवस्था झाली. ‘तुमच्या मागच्या तुकडीतल्या पाच जणांचे नोंदणी क्रमांक दाखवा’ एवढी मागणी करा. खरं कॉलेज दाखवतं.

पैशांचा हिशेब

सरकारी महाविद्यालयात शिक्षण शुल्क वर्षाला काही हजारांत असतं. खासगी ठिकाणी साधारण पन्नास हजारांपासून दीड-दोन लाखांपर्यंत. लोक या आकड्यापाशी थांबतात आणि तिथेच हिशेब चुकतो, कारण मोठा खर्च राहण्या-जेवणाचा आहे. पुणे, मुंबई, नागपूर किंवा नाशिकमध्ये कॉट बेसिसवर खोली, मेस, बस-लोकल आणि मोबाइल धरून महिन्याला दहा हजार सहज लागतात. मुंबईत त्याहून जास्त. चार वर्षांचे ४८ महिने म्हणजे ४ लाख ८० हजार. वर्षाला लाख रुपये फी घेणाऱ्या कॉलेजात तीन वर्षांचे तीन लाख धरले, तरी राहण्याचा खर्च फीच्या पुढे जातो. म्हणून घरापासून ये-जा करता येईल असं मध्यम कॉलेज आणि दूरच्या शहरातलं थोडं नावाजलेलं कॉलेज यांत निवड करायची असेल, तर आधी हे ४८ महिने मोजा.

इंटर्नशिपचं वर्ष विसरू नका. विद्यावेतन मिळतं का, किती, आणि त्या वर्षाची फी पुन्हा घेतात का, हे तीन प्रश्न लेखी विचारायचे. काही कॉलेजं चौथ्या वर्षीही शुल्क लावतात. त्याशिवाय परीक्षा शुल्क, पात्रता शुल्क, गणवेश, एप्रन, अनामत रक्कम आणि किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज. हा बॅज एक्स-रे आणि सीटी विभागात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर असायला हवा. विद्यार्थ्याला तो न देता एक्स-रे रूममध्ये उभं करणारं कॉलेज फी कितीही कमी घेत असलं तरी नको. हेपॅटायटिस बीची लस घ्या. खर्च फार नाही आणि ती टाळण्यासारखी नाही.

शिष्यवृत्तीची चौकशी प्रवेशाआधी करा, नंतर नाही. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्याने २०२४ मध्ये घेतला. पण त्यासाठी अभ्यासक्रम मान्यताप्राप्त हवा आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. तुम्ही पाहत असलेला नेमका कोर्स आणि ते कॉलेज राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या, म्हणजे महाडीबीटीच्या, यादीत आहे का, ते संकेतस्थळावर उघडून पाहा. यादीत नाव नसेल आणि कॉलेज ‘होऊन जाईल’ म्हणत असेल, तर ते होत नाही असंच धरा.

कर्जाचं गणित आकड्यांतच पाहावं. तीन लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज आणि पाच वर्षांची फेड धरली, तर महिन्याचा हप्ता साधारण ६,५०० रुपये येतो. शिकत असतानाचं व्याज मुद्दलात मिळवलं की तो वाढतो. खासगी रुग्णालयात नव्या मुलाला जिल्ह्याच्या गावी महिन्याला बारा ते पंधरा हजार आणि मोठ्या शहरात पंधरा ते वीस हजार पगार मिळतो. म्हणजे पहिली दोन वर्षं पगाराचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, हप्त्यात जाणार. सीटी आणि एमआरआयवर हात बसला की पगार पंचवीस हजारांच्या पुढे सरकतो. तीन-चार वर्षांनी चांगल्या रुग्णालयात चाळीस हजारांपर्यंतही जातो. सार्वजनिक आरोग्य विभागात क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी हे पद आहे, पालिका रुग्णालयांतही तंत्रज्ञांची पदं असतात. पण भरती अनेक वर्षांच्या अंतराने निघते. तिच्यावर भिस्त ठेवून कर्ज काढू नका, भरती निघाली की अर्ज मात्र चुकवू नका.

परदेशात खरा सोनोग्राफर

ज्यांना स्वतःच्या हाताने स्कॅन करायचं आहे, त्यांच्यासाठी हा व्यवसाय परदेशात आहे. अमेरिकेत सोनोग्राफर तपासणी करतो आणि डॉक्टर अहवाल देतो. ब्रिटनमध्ये तर अनेकदा अहवालही सोनोग्राफरच लिहितो. अमेरिकेत मे २०२३ च्या सरकारी आकडेवारीनुसार या व्यवसायातलं मध्यम वार्षिक वेतन ८४,४७० डॉलर होतं. हा आकडा इथल्या एजंटांना पाठ असतो. त्याच्यापुढचं ते सांगत नाहीत.

अमेरिकेत एआरडीएमएस या संस्थेची परीक्षा द्यावी लागते. ध्वनिलहरींच्या भौतिकशास्त्राचा एक पेपर, शरीराच्या निवडलेल्या भागाचा दुसरा. दोन्हींची फी मिळून ५०० डॉलरच्या पुढे. कोणत्याही विषयाची पदवी असलेल्याला बसता येईल असा एक मार्ग तिथे आहे, पण त्यासाठी बारा महिन्यांचा पूर्णवेळ सोनोग्राफीचा अनुभव हवा. भारतात कायद्याने डॉक्टर नसलेल्या व्यक्तीला तो अनुभव मिळूच शकत नाही. खोटं पत्र आणलं, तर तपासणीत ते उघड होतं आणि दार कायमचं बंद होतं. मग उरतो तिथेच शिकण्याचा मार्ग: मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, दोन ते चार वर्षं, परदेशी विद्यार्थ्याला फी आणि राहणं धरून अर्ध्या कोटीच्या आसपास किंवा पुढे. आणि एवढं करूनही व्हिसाची अडचण राहते. या व्यवसायात शिरायला तिथे सर्वसाधारणपणे दोन वर्षांची असोसिएट पदवी पुरते, तर एच-१बी व्हिसा हा किमान बॅचलर पदवी अनिवार्य असलेल्या कामांसाठी आहे. त्यात सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरच्या नव्या उमेदवारांच्या अर्जावर एक लाख डॉलरचा भार आला. ज्यांचं कुटुंब तिथे स्थायिक आहे, लग्नाने किंवा ग्रीन कार्डाने जे जाणार आहेत, त्यांच्यासाठी हे उत्तम करिअर आहे. पुण्या-ठाण्यातून गेलेल्या ज्या सुना तिथे नव्याने काय शिकावं याचा शोध घेत असतात, त्यांनी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात जरूर चौकशी करावी. स्थानिक रहिवाशांना तिथली फी परवडणारी असते. बाकीच्यांनी कर्ज काढून या वाटेला जाऊ नये.

ब्रिटनची वाट लांब आहे, पण आपल्या पदवीधराला ती जमू शकते. आधी इथे बीएस्सी किंवा बीपीएमटी रेडिओग्राफी, मग एक-दोन वर्षं सीटी-एमआरआयचा अनुभव, मग एचसीपीसी या तिथल्या नियामक संस्थेकडे रेडिओग्राफर म्हणून नोंदणी. त्यासाठी इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत एकूण ७ आणि कोणत्याही भागात ६.५ पेक्षा कमी नाही, एवढे गुण लागतात. सरकारी आरोग्यसेवेत इंग्लंडमध्ये २०२५-२६ साठी बँड ५ या वेतनश्रेणीचा सुरुवातीचा पगार वर्षाला ३१,०४९ पौंड होता. नोकरीत स्थिरावल्यावर सोनोग्राफीची पदव्युत्तर पदविका करायची, बहुधा मालकाच्याच खर्चाने. पात्र सोनोग्राफरचा बँड ७ त्याच वर्षी ४७,८१० पौंडांवर सुरू होत होता. इथून निघेपर्यंतचा खर्च, म्हणजे आयईएलटीएसचे सतरा-अठरा हजार, नोंदणी, व्हिसा, विमान आणि तिथल्या पहिल्या महिन्याची खोली, मी तीन ते चार लाख धरेन. तिथली परदेशी भरती मात्र दरवर्षी सारखी नसते. जागा हातात आल्याशिवाय इथली नोकरी सोडू नका.

ऑस्ट्रेलियाच्या पदव्युत्तर कोर्सची जाहिरात पाहिलीत, तर एकच गोष्ट विचारा: प्रत्यक्ष सरावाची जागा विद्यापीठ देणार की विद्यार्थ्याने शोधायची? अनेक विद्यापीठांत ती विद्यार्थ्यानेच आणायची असते, आणि बाहेरून गेलेल्या मुलाला ती मिळणं फार अवघड जातं. आखाती देशांत कागदपत्रांची डेटाफ्लो पडताळणी आणि परवान्यासाठी प्रोमेट्रिक परीक्षा असते. तिथे सीटी-एमआरआयचा खरा अनुभव चालतो.

एक खर्च कोणत्याही माहितीपत्रकात नसतो. दिवसभर हात उचलून, प्रोब दाबून धरून काम करणाऱ्या सोनोग्राफरांत खांदा, मान आणि मनगटाची दुखणी फार आढळतात. परदेशी अभ्यासक्रमांत बसण्याची आणि हात धरण्याची पद्धत म्हणूनच शिकवली जाते. आधीपासून खांद्याचा त्रास असलेल्या मुलाने निर्णयाआधी हाडांच्या डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

फी भरताना आणि फसवणूक झाल्यावर

फी टप्प्याटप्प्याने भरा, रोख देऊ नका, आणि पावतीवर संस्थेचं नाव व अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव असल्याशिवाय कार्यालयातून उठू नका. मूळ गुणपत्रिका ‘जमा’ करायला सांगितल्या, तर दाखवून परत घ्या. त्या अडकवून ठेवण्याचा महाविद्यालयाला अधिकार नाही. जाहिरातीचा कागद, माहितीपत्रक आणि समुपदेशकाचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश जपून ठेवा. नोकरीची हमी दिली असेल, तर ती पत्रावर लिहून मागा.

इतकं करूनही फसवणूक झाली, तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. विद्यापीठं आणि रीतसर पदवी देणाऱ्या संस्था ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये म्हटलं, पण खासगी कोचिंग संस्थांना त्या निकालाने ती सूट दिली नाही. म्हणून विद्यापीठाशी संलग्न नसलेल्या अकॅडमीविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे अर्जाला शुल्क लागत नाही, आणि तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. संलग्न महाविद्यालयाविरुद्धची तक्रार विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे, प्रत कुलसचिवांना. अर्ज मराठीत चालतो, वकील सक्तीचा नाही, आणि पावती व जाहिरात या दोन कागदांच्या प्रती सोबत जोडायच्या असतात.